हातावरच्या पोटाचा सातबारा



घोडेगावात प्राप्तिकरावर व्याख्यान म्हणजे भातखाचरात उभं राहून समुद्राच्या भरती-ओहोटीवर बोलणं, असं कुणाला वाटलं तर त्यात त्याची चूक नाही. आंबेगाव आणि जुन्नर हे शेतीचे तालुके, आणि शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. 1860 साली जेम्स विल्सननं हिंदुस्थानात पहिल्यांदा हा कर आणला तेव्हा शेतीही त्यात धरली होती. 1886 च्या कायद्यानं तिला वगळलं, ते आजतागायत. त्यामुळे इथल्या माणसाचा सरकारशी कागदोपत्री संबंध आला तो सातबारा, आठ-अ, फेरफार आणि पीकपाहणीतून. घोडेगावात तहसील कचेरी आहे, पंचायत समिती आहे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. प्राप्तिकर खातं मात्र पेपरात छाप्याची बातमी आली की तेवढ्यापुरतं आठवतं. तो कर शहरातल्या शेठजींचा आणि पगारदारांचा, ही समजूत चार पिढ्या मुरलेली आहे. ती आता चालण्यासारखी राहिलेली नाही.

याचं कारण घरातली तरुण मुलं. कुणी चाकण, भोसरी, पुण्यात दुचाकीवर जेवणाची आणि किराण्याची पार्सलं पोचवतो. कुणी ॲपवर टॅक्सी चालवतो, कुणी स्वतःच्या पिकअपमधून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेऊन टाकतो, कुणी लग्नाचं चित्रीकरण करतो, कुणी घरी बसून ऑनलाइन शिकवण्या घेतो. यांना पगार नाही, मस्टर नाही, नेमणुकीचा कागद नाही. काम झालं की पैसे, नाही झालं तर नाही. इंग्रजीत याला ‘गिग’ म्हणतात. मुळात तो वादकांच्या एका रात्रीच्या कामाचा शब्द. आपल्याकडे त्याला सुपारी म्हणतात, आणि सुपारीवर चालणारा धंदा या भागाला नवा नाही. नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या जत्रा कमिट्या तिथं येऊन तारखा पक्क्या करतात, कलावंत पावसाळ्यात उचल घेतो आणि दसऱ्यापासून ती फेडत नाचतो. फरक एवढाच की फडमालकाशी राहुटीत जाऊन भांडता येतं. ॲपशी कुठं जाऊन भांडायचं, ते कुणालाच सांगता येत नाही. नीती आयोगाच्या 2022 च्या अहवालानं देशातल्या अशा कामगारांची संख्या 2020-21 साली 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाख होईल असा अंदाज दिला होता. या माणसाचं कराच्या दृष्टीनं काय, हा आजचा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या कामगारावर कर जवळजवळ कधीच बसत नाही. पण रिटर्न भरायचं त्यानं टाळू नये, कारण त्याच्या श्रमाची सरकारदरबारी राहणारी मुख्य नोंद तीच आहे. शेतकऱ्याला जसा सातबारा, तसं याला प्राप्तिकराचं विवरणपत्र. कर्तव्य म्हणून ते भरा असं सांगायला मी आलेलो नाही. उताऱ्यावर आपलं नाव आहे की नाही हे जसं आपण डोळ्यांत तेल घालून बघतो, तसं याकडे बघावं, एवढंच सांगायचं आहे.

आधी कर किती, ते पाहू. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला आणि 1961 च्या कायद्यातली, दोन पिढ्यांच्या कर सल्लागारांना पाठ असलेली कलमं एका दिवसात जुनी झाली. म्हणून मी कलमांचे आकडे सांगत नाही, रुपयांचे सांगतो. 2025-26 या वर्षापासून नव्या करपद्धतीत 4 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. 4 लाखांच्या वर कर मोजला जातो, पण एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत असेल तर सवलत मिळून तो शून्यावर येतो. महिन्याला 30,000 रुपये खात्यात जमा होणारा मुलगा या 12 लाखांच्या आसपासही नाही. इथं एक गल्लत मात्र हमखास होते. कर शून्य म्हणजे रिटर्न माफ, असं धरून चालतात. उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की कर एक रुपयाही नसला तरी रिटर्न सक्तीचं आहे. उत्पन्न 4 लाखांच्या आत असलं, पण वर्षभरात 25,000 किंवा त्याहून जास्त टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, कापला गेला असला, तरीही ते सक्तीचं आहे.

आणि टीडीएस बऱ्याचदा कापला जातो. पैसे देणारी कंपनी ठेकेदारीच्या सदरात रक्कम दाखवत असेल तर वर्षाला एक लाखाच्या वर गेल्यावर 1 टक्का कापते. व्यावसायिक शुल्काच्या सदरात दाखवत असेल, म्हणजे चित्रीकरण करणारा, संगणकाचं काम करणारा, शिकवणारा, तर एका देणाऱ्याकडून वर्षाला 50,000 च्या वर गेल्यावर 10 टक्के. ॲपच्या माध्यमातून थेट ग्राहकाला सेवा देणाऱ्यासाठी हा दर ऑक्टोबर 2024 पासून 1 टक्क्यावरून 0.1 टक्क्यावर आला, आणि पॅन दिलेलं असून वर्षाची रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर काहीच कापत नाहीत. वर्षाला 3,60,000 मिळवणारी दोन भावंडं धरा. एक पार्सल पोचवतो, त्याचे 3,600 कापले गेले. दुसरा शिकवण्या घेतो, त्याचे 36,000. दोघांवर कर शून्य, म्हणजे दोघांचे सगळे पैसे परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरल्याशिवाय मिळत नाहीत. आता पहिल्या भावाचं पॅन आधारशी जोडलेलं नाही असं धरा. असं पॅन निष्क्रिय ठरतं आणि दर होतो 20 टक्के. 3,600 च्या जागी 72,000. एवढा मोठा दंड देशातल्या कुठल्याही पगारदाराला या चुकीसाठी बसत नसेल, कारण त्याच्या ऑफिसात आठवण करून देणारा एक कारकून तरी असतो.

इथवर झालं ते परताव्याचं. पण परतावा हे रिटर्न भरण्याचं छोटं कारण आहे. मोठं कारण समजून घ्यायचं तर अनुमानित उत्पन्नाची योजना बघावी लागेल. छोट्या धंदेवाल्यानं कीर्द-खतावणी ठेवू नये, उलाढालीच्या ठरावीक टक्के रक्कम हेच आपलं उत्पन्न मानावं, अशी ही सोय. रोखीनं आलेल्या पैशांवर 8 टक्के, बँकेतून किंवा डिजिटल मार्गानं आलेल्या पैशांवर 6 टक्के. आपल्या पार्सलवाल्याचे सगळे पैसे बँकेत येतात. 3,60,000 चे 6 टक्के म्हणजे 21,600. तालुक्याच्या गावी रिटर्न भरून देणारा माणूस सवयीनं हाच आकडा टाकतो. कायद्याला धरून आहे, कर नाही, प्रश्न नाही. पण जरा थांबून बघा. 6 टक्क्यांची कल्पना दुकानदारासाठी आहे. त्याच्या उलाढालीतला मोठा वाटा माल विकत घेण्यात जातो. श्रम विकणाऱ्याचा माल म्हणजे त्याचं शरीर. पेट्रोल, गाडीचा हप्ता, सर्व्हिसिंग, मोबाइलचं रिचार्ज असं महिन्याला 10,000 वजा जाता त्याच्या हातात 20,000 उरले असं धरू. म्हणजे वर्षाला 2,40,000. हे खरं उत्पन्न, आणि 21,600 हे कागदावरचं. कायदा म्हणतो की 6 टक्के किंवा त्याहून जास्त, जे तुम्ही सांगाल ते. जास्त सांगायला पूर्ण मुभा आहे. आणि 12 लाखांपर्यंत कर शून्य असताना 2,40,000 सांगितल्यानं एक पैसाही जास्त जात नाही. कमी दाखवायची सवय ही करमर्यादा तुटपुंजी होती त्या काळातली. कारण गेलं, सवय राहिली.

या सवयीची किंमत कधी कळते? मुलगा घर बांधायला कर्ज मागायला जातो तेव्हा, हे एक. बँकेतला अधिकारी 21,600 रुपये वार्षिक उत्पन्नाचा कागद बघून चष्म्यावरून बघतो. पण त्याहून कठोर प्रसंग म्हणजे अपघात. दिवसाचे दहा-बारा तास पुणे-नाशिक रस्त्यावर आणि शहराच्या वाहतुकीत काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा विचार टाळता येत नाही. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे भरपाई ठरते ती मृताच्या वार्षिक उत्पन्नाला वयानुसारच्या गुणकानं गुणून. सर्वोच्च न्यायालयानं 2009 साली सरला वर्मा खटल्यात हे गुणक घालून दिले. 26 ते 30 वयासाठी तो 17 आहे. 21,600 गुणिले 17 म्हणजे 3,67,200. 2,40,000 गुणिले 17 म्हणजे 40,80,000. यातून मृताचा स्वतःचा खर्च वजा होतो, इतर काही रकमा मिळवल्या जातात, आणि चांगला वकील असेल तर रिटर्न बाजूला सारून निदान किमान वेतन तरी धरायला लावतो, हे सगळं मान्य. तरी मूळ आकडा ज्या कागदावरून उचलला जातो तो कागद न्यायालयं विश्वासाचा मानतात. पुढं 2017 च्या प्रणय सेठी खटल्यात न्यायालयानं भविष्यातल्या वाढीचाही हिशेब घातला: चाळिशीच्या आतल्या कायम नोकरदाराच्या उत्पन्नात 50 टक्के मिळवायचे, स्वयंरोजगारवाल्याच्या 40 टक्के. 40 टक्के का होईना, पण कशाचे? जो आकडा कागदावर आहे त्याचे. विधवेच्या हातात येणारी रक्कम तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी सवयीनं टाकलेल्या एका आकड्यावर अशी लोंबकळत असते.

पिकअपवाल्यांसाठी एक वेगळी सोय आहे, तीही ओझरती सांगतो. 12 टनांच्या आतल्या मालवाहू गाडीचं उत्पन्न दर गाडीमागे महिन्याला 7,500 धरतात, म्हणजे वर्षाला 90,000. गाडी दारात उभी असली तरी. तिथंही खरं उत्पन्न जास्त असेल तर जास्त दाखवता येतं, आणि वरचाच युक्तिवाद लागू पडतो.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सर्वांत खरा आहे आणि तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही: उत्पन्न दाखवलं तर रेशन जाईल, बहिणीचे 1,500 जातील, किसान सन्मानचा हप्ता बंद होईल. या भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुख्यमंत्री लाडकी बहीण योजनेला कुटुंबाच्या अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट आहे आणि घरात आयकरदाता नसावा अशीही अट आहे. किसान सन्मान योजनेतून मागच्या वर्षी प्राप्तिकर भरलेल्यांना वगळलेलं आहे. अटींचे शब्द बघितले तर कर भरणं वेगळं आणि रिटर्न भरणं वेगळं. शून्य कराचं रिटर्न भरणारा आयकरदाता होत नाही. पण हा फरक याद्या तपासणाऱ्या यंत्रणेला दर वेळी कळेलच, अशी हमी मी या व्यासपीठावरून देणार नाही. रेशनचं तर त्रांगडंच आहे. अन्नसुरक्षेच्या लाभासाठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 44,000 ठेवलेली आहे. बाराने भागा, महिन्याला 3,667 रुपये येतात. या मर्यादेत बसणारं राबतं घर शोधायला तालुकाभर दिवा घेऊन फिरावं लागेल. म्हणजे आज निम्मा गाव खोट्या दाखल्यावर खरं धान्य खातो, आणि खरं सांगणारा एकटा उघडा पडतो. इथं दोष मर्यादेचा आहे, रिटर्नचा नाही. ती मर्यादा वाढवून घेण्यासाठी ग्रामसभेनं ठराव करावेत, आमदारांनी सभागृहात भांडावं. तोवर ज्याच्या घरी रेशनच मुख्य आधार आहे त्यानं आधी आपला लाभ तपासून मग पाऊल टाकावं, असं मी मोकळेपणानं सांगतो. माझ्या युक्तिवादाला इथं मुरड पडते, ती पडू दे.

दुसरा आक्षेप पश्चिम पट्ट्यातून येतो. आदिवासींना प्राप्तिकर माफ आहे, मग आम्हाला हे कशाला? ही माफी ईशान्येकडची राज्यं, लडाख अशा कायद्यात नावानिशी लिहिलेल्या भागांत राहणाऱ्या अनुसूचित जमातींना आहे. आंबेगाव-जुन्नरचा पश्चिम भाग पाचव्या अनुसूचीतलं अनुसूचित क्षेत्र असला तरी महादेव कोळी समाजाला ती लागू होत नाही. आणखी एक बारकावा आहे. आदिवासी पाड्यांवर बाळहिरडा गोळा करून विकतात, आणि आपण त्याला सरसकट शेतीत जमा धरतो. सर्वोच्च न्यायालयानं 1957 साली निकाल दिला की जमिनीवर नांगरट, पेरणीसारखे मूळ श्रम झालेले नसतील आणि झाड आपसूक वाढलेलं असेल, तर त्याचं उत्पन्न शेतीचं ठरत नाही. हिरड्याच्या पैशावर कर बसण्याइतकी रक्कम कुणाच्या हाती येत नाही ही गोष्ट वेगळी. पण ‘सगळं शेतीत दाखवून टाका’ असा सल्ला देणाऱ्या दलालापासून सावध राहावं, एवढ्यासाठी हे सांगितलं. टॅक्सीची कमाई शेतीत घालणं ही चूक नाही, लबाडी आहे, आणि पैसे बँकेतून आलेले असल्यानं ती लपत नाही. ‘टक्केवारीवर परतावा काढून देतो’ म्हणत खोट्या वजावटी घालणारेही याच जातकुळीतले. नोटीस येते ती पॅनवाल्याला, दलालाला नाही.

तिसरा आक्षेप कामगार चळवळीचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कामगाराला ‘भागीदार’ म्हणून कंपनीनं मालकपण झटकलं. आता तुम्ही त्याला व्यावसायिकाचं रिटर्न भरायला लावून तेच खोटं पक्कं करता. युक्तिवाद वजनदार आहे, पण निष्कर्ष उलटा काढला आहे असं मला वाटतं. अनेक मालक आणि एक कामगार हा पेच महाराष्ट्रानं पूर्वी सोडवलेला आहे. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार लढले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. हमालाचा एक मालक कोण, हा वाद घालत न बसता कायद्यानं मंडळ उभं केलं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं ती नोंदून कामगाराला द्यायची, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी सांभाळायची. याचा पाया होता नोंद. 1975 चा व्यवसाय करही असाच बघा. रोजगार हमीला पैसा उभा करायचा म्हणून तो आला. कर एका बाजूला आणि दुष्काळात काम मागण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला, अशी जोड वि. स. पागे यांच्या योजनेला मिळाली, म्हणून पगारदारांनी तो फारशी कुरकुर न करता भरला. आता 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यात ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांपर्यंतच, एवढं अंशदान द्यायचं आहे. उद्या त्यातून विमा, पेन्शन मिळायची वेळ येईल तेव्हा विचारणा होईल: तुम्ही कुणासाठी, किती दिवस काम केलं? कामगाराचा आयडी ब्लॉक झाला की ॲप उघडत नाही आणि फेऱ्यांचा सगळा इतिहास त्याच्या हातून जातो. पण कंपनीनं कापलेल्या टीडीएसची ओळ प्राप्तिकर खात्याच्या 26 एएस पत्रकात राहते: कापणाऱ्याचं नाव, तारीख, दिलेली रक्कम, कापलेली रक्कम. कंपनीनं मालकपण नाकारलं तरी ही ओळ तिला नाकारता येत नाही. चळवळीनं हा पुरावा हातचा घालवू नये.

ॲपवरच्या कामगाराला रिटर्नमध्ये पगारदारासारखी 75,000 ची सरसकट वजावट मिळत नाही, हा अन्याय म्हणून सांगितला जातो. मला तो फार मोठा वाटत नाही. पेट्रोल आणि हप्त्यातल्या व्याजाचा खरा खर्च वजा करायची मुभा त्याला आहे, पगारदाराला नाही. खरा अन्याय दुसरीकडे आहे. खात्याकडे त्याचं पॅन आहे, आधार आहे, बँक खातं आहे, कापलेल्या कराचा आकडा आहे. एवढं असताना वर्षाला तीन-साडेतीन लाख मिळवणाऱ्याचे पैसे त्यानं मागितल्यावरच परत का द्यायचे? मर्यादेखालच्या माणसाचा टीडीएस आपोआप खात्यात जमा करणं संगणकाच्या जमान्यात अवघड नाही. ते होत नाही याचं एकच कारण मला दिसतं: ज्याचे पैसे आहेत तो आवाज करत नाही.

या तालुक्याला दप्तराचं मोल समजावून सांगायची गरज नाही. तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. धरणात जमीन गेली तेव्हा ज्याच्या नावे उतारा होता त्याला दावा तरी करता आला. ज्याच्याजवळ नुसते राबणारे हात होते त्याच्या दाव्याला टेकायला जागा नव्हती. आजचा फिरता कामगार नेमका तिथं उभा आहे. म्हणून घरातल्या अशा मुलाकडून या महिन्यात एवढंच करून घ्या. पॅन आधारशी जोडलंय का ते बघायला सांगा, 26 एएस काढून त्यातली प्रत्येक ओळ वाचायला सांगा, आणि रिटर्नमध्ये 6 टक्क्यांचा नाही, खरा आकडा टाकायला सांगा. मुदत चुकली तर उशिराचं रिटर्न 31 डिसेंबरपर्यंत भरता येतं. त्यानंतर अद्ययावत विवरणपत्र भरायची सोय आहे, पण त्यातून परतावा मागता येत नाही. तो पैसा सरकारजमा होतो.